शुल्क टॅक्सीचे, रस्ता शाळेचा

देशात २०२४ या एका वर्षात रस्ते अपघातांनी सुमारे एक लाख ऐंशी हजार लोकांचा बळी घेतला, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. त्याच वेळी त्यांनी आणखी एक आकडा दिला, तो अधिक अस्वस्थ करणारा होता. शाळा-महाविद्यालयांच्या दारांशी ये-जा करण्याची नीट व्यवस्था नसल्याने सुमारे दहा हजार मृत्यू झाले, असा तो आकडा. त्यापूर्वीच्या, २०२२ च्या सरकारी अहवालानुसार त्या वर्षी रस्त्यांवर अठरा वर्षांखालील ९,५२८ मुले दगावली आणि ३२,८२५ पादचारी प्राणास मुकले. शाळेसमोरचा रस्ता हा दुर्दैवाचा नव्हे, तर धोरणाचा विषय आहे, हे दाखवण्यास एवढी आकडेवारी पुरेशी आहे.

या रोगावरचे औषध महाग नाही. पदपथाच्या उंचीला आणलेला पादचारी पट्टा, प्रवेशद्वारापाशी कठडा, सलग पदपथ, वेगाला लगाम घालणारी रस्त्याची आखणी आणि शाळा सुटण्याच्या वेळी वाहने उभी करण्यास मनाई, एवढ्यावर बरेच काही साधते. तरीही ही कामे होत नाहीत, कारण ती फार लहान आहेत. उड्डाणपुलाला कोनशिला लाभते, पादचारी पट्ट्याला लाभत नाही. अर्थसंकल्पात मोठ्या प्रकल्पांची तरतूद आधी होते आणि उरलेल्यातून या कामांची वर्णी लागली तर लागते. म्हणूनच त्यांच्यासाठी पैशाचा स्वतंत्र झरा शोधण्याची कल्पना पुढे येते आणि नजर अ‍ॅपवरून मिळणाऱ्या टॅक्सीकडे वळते.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ च्या कायद्याने अशा प्रत्येक फेरीवर वीस सेंट आकारण्याचे ठरवले. त्यातील निम्मी रक्कम ज्या शहरात फेरी सुरू झाली त्याच शहराला रस्ते व वाहतुकीच्या कामांसाठी मिळेल, अशी तजवीज त्यातच केली. सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदारांपुढे प्रस्ताव गेला. एकट्याच्या फेरीवर सव्वातीन टक्के, सामायिक फेरीवर दीड टक्का कर आणि उत्पन्नाचे दोन वाटे: अर्धा सार्वजनिक वाहतुकीला, अर्धा पादचारी व सायकलस्वारांच्या सुरक्षिततेला. विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेला कर असल्याने त्याला दोन-तृतीयांश मतांची अट होती. ती जेमतेम का होईना, पूर्ण झाली. शिकागोने मात्र २०२० मध्ये असाच वाढीव कर बसवला तेव्हा त्याचा बहुतांश उपयोग शहराच्या अर्थसंकल्पातील तूट भरून काढण्यासाठी धरण्यात आला. साधन एकच, परंतु पैशाची वाट कायद्याने आखली होती की नाही, यावरून फळे निराळी ठरली.

भारतात या वाटेवरचे कायदेशीर अडथळे वाटतात तेवढे मोठे नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘अ‍ॅग्रिगेटर’ ही संज्ञा आली आणि या कंपन्यांना राज्याचा परवाना आवश्यक ठरला. रस्त्याने प्रवास करणाऱ्या प्रवाशांवर कर लावण्याचा अधिकार घटनेच्या सातव्या अनुसूचीने राज्यांनाच दिलेला आहे. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर भाड्यावर दोन टक्के रक्कम राज्याच्या तिजोरीसाठी घेण्याची मुभाही होती. जुलै २०२५ मध्ये आलेल्या नव्या तत्त्वांत प्रवासी वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या खासगी दुचाकींबाबत राज्यांना दैनिक, साप्ताहिक वा पाक्षिक शुल्क आकारता येते. तेव्हा पैसा गोळा करणे कठीण नाही. कठीण आहे ते त्यानंतरचे.

याचा धडा खुद्द राजधानीनेच दिलेला आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहू वाहनांवर पर्यावरण भरपाई शुल्क बसवले. सुरुवातीला ते सातशे व तेराशे रुपये होते, डिसेंबरमध्ये ते दुप्पट झाले. उद्देशही स्पष्ट होता. सार्वजनिक वाहतूक वाढवावी आणि रस्ते सुधारावेत, तेही विशेषतः पादचारी व सायकलस्वारांसाठी. शुल्क नाक्यांवर नियमाने जमा होत गेले. खर्च मात्र त्या नियमाने झाला नाही, आणि निधीचा मोठा भाग दीर्घकाळ पडून असल्याचे उघड झाले. पुढे २०१९ मध्ये दिल्ली-मेरठ जलद रेल्वेमार्गातील दिल्ली सरकारच्या हिश्शासाठी याच निधीकडे बोट दाखवावे लागले. तो मार्ग उपयुक्त आहे आणि सार्वजनिक वाहतुकीतच मोडतो, हे खरे. परंतु ज्या पादचाऱ्याच्या नावाने पैसा उभा राहिला, त्याचा पदपथ प्रतीक्षेतच राहिला.

केंद्राचा अनुभवही फारसा वेगळा नाही. माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी २००६-०७ पासून उपकर घेतला गेला. दहा वर्षांहून अधिक काळ त्यासाठी स्वतंत्र कोषच उभा राहिला नाही, यावर महालेखापरीक्षकांनी नेमके बोट ठेवले. उपकराला नाव चांगले असले की विरोध मावळतो आणि रक्कम एकदा सर्वसाधारण तिजोरीत मिसळली की तिचा माग काढणे दुष्कर होते, हे प्रशासनातील कोणाही जाणकाराला ठाऊक आहे.

याउलट उदाहरण महाराष्ट्राचे आहे. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून कापलेली रक्कम दुष्काळी भागातल्या कामावर जावी, हे कायद्यातच लिहिले होते आणि राज्याने आपलाही वाटा घालावा, असे बंधन होते. या निधीतही शिल्लक साठत गेली, कामांच्या दर्जावरही टीका झाली. तथापि ‘मागेल त्याला काम’ हा हक्क कायद्याने दिलेला असल्यामुळे निधीला मागणीचा रेटा होता. कराच्या एका टोकाला करदाता आणि दुसऱ्या टोकाला हक्कदार उभा असेल तरच मधली वाहिनी वाहती राहते, हा त्या प्रयोगाचा खरा धडा होय.

टॅक्सीच्या शुल्काबाबत हा हक्कदार कोण? शाळेत पायी जाणारे मूल. सांगली जिल्ह्यातून करोल बागेत गलाईच्या धंद्यासाठी आलेल्या कुटुंबातले असो वा बिहारमधून आलेल्या बांधकाम मजुराचे, ज्याच्या घरी मोटार नाही ते मूल हाच रस्ता रोज तुडवते. त्याच्या पालकांना महानगरात मताचे वजन कमी आणि तक्रारीला वेळ त्याहून कमी. त्याच्यासाठी बोलणारे कोणी नसताना निधी जमा झाला, तर तो इतरत्र वळण्यास वेळ लागणार नाही.

दुसरा प्रश्न भार कोणावर पडणार, हा आहे. एकाच भाड्याकडे आता अनेक हात पसरले आहेत. वस्तू व सेवा कर आहेच. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्याने अशा कामगारांच्या कल्याणासाठी त्यांच्या मोबदल्यावर एक ते पाच टक्के शुल्काची तरतूद केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार कंपन्यांना उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान द्यावयाचे आहे. त्यात आता अनेक कंपन्या कमिशन सोडून चालकाकडून ठरावीक वर्गणी घेऊ लागल्या आहेत. अशा वेळी कमिशनवर आकारलेले शुल्क हाती लागणार नाही आणि कंपनीवर बसवलेले शुल्क वर्गणीच्या रूपाने चालकाच्या माथी येईल. म्हणून आकारणी फेरीवर हवी, प्रवाशाच्या पावतीवर ती वेगळी दिसायला हवी आणि चालकाच्या वाट्यातून ती वजा होणार नाही, अशी अट परवान्यातच असायला हवी. फेरीमागे दोन रुपये आणि शहरात रोज एक लाख फेऱ्या धरल्या, तर वर्षाकाठी सात कोटी तीस लाख रुपये होतात. या रकमेत उड्डाणपूल होणार नाही. शाळांची दारे मात्र एकामागून एक सुरक्षित करता येतील.

टॅक्सीलाच का धरायचे, हा आक्षेपही रास्त आहे. शाळेच्या दारात मुलाला उतरवण्यासाठी दुहेरी रांग लावणारी खासगी मोटार या शुल्कातून सुटते. टॅक्सीची प्रत्येक फेरी नोंदलेली असते, वसुली सोपी जाते, एवढेच याचे कारण. सोय हा करआकारणीचा एकमेव आधार असू नये. निदान शाळेभोवतीच्या पार्किंगचे शुल्क व दंडाची रक्कम याच निधीत आली, तर न्यायाचा तोल काहीसा साधेल.

सर्वांत बिकट प्रश्न काम करणार कोण, हा आहे. दिल्लीत साठ फुटांहून रुंद रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, आतले महापालिकेकडे, ल्युटेन्स दिल्लीतले नवी दिल्ली नगरपालिका परिषदेकडे आणि वाहतूक पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत. एका शाळेच्या दारासाठी तीन कार्यालयांची संमती लागते. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांबाबत आणि राज्यांच्या रस्त्यांच्या मानकांबाबत सहा महिन्यांत नियम करण्याचा आदेश राज्यांना दिला. या नियमांना शाळानिहाय कामांच्या प्रसिद्ध यादीची जोड मिळाली, प्रत्येक कामाला एकच जबाबदार अधिकारी नेमला गेला आणि वर्षअखेर हिशेब विधानसभेपुढे ठेवण्याचे बंधन आले, तरच शुल्काला अर्थ राहील.

यादी आधी आणि वसुली नंतर, असा क्रम सरकारने पाळला तर प्रवासी दोन रुपये खुशीने देईल. क्रम उलटा झाला, तर पावतीवर आणखी एक ओळ वाढेल आणि दप्तर पाठीला लावून रस्ता ओलांडणारे मूल आज जिथे उभे आहे तिथेच, वाहनांच्या फटीची वाट पाहत उभे राहील.