आवाज भाड्याने आणू नका



तपाची सांगता असो की चातुर्मासातला कार्यक्रम, हल्ली आपल्या नगरमध्येही बाहेरून गायक बोलावतात. स्तवन तो म्हणतो, आपण टाळ्या वाजवतो. का, तर “या वयात आमचा कुठला आवाज?”

मैत्रिणींनो, सहा आवश्यकांपैकी दुसरे म्हणजे चोवीस तीर्थंकरांची स्तुती, आपला लोगस्स. आवश्यक म्हणजे करायचेच. त्यात गोड गळ्याची अट नाही. सामायिक दुसऱ्याकडून करून घेत नाही, मग स्तवनच का?

बेसूर म्हटले तर लोक हसतील? भक्तामराच्या सहाव्या श्लोकात मानतुंगाचार्य स्वतःलाच अल्पज्ञ आणि विद्वानांच्या हसण्याचा विषय म्हणवतात. तरी आंब्याचा मोहोर कोकिळेला गायला लावतो, तशी भक्ती आपल्याला बोलायला लावते, असे सांगतात.

साठीनंतर मी रोज भक्तामर मोठ्याने म्हणू लागले. चौदा अक्षरांचा चरण एका श्वासात पुरा होऊ लागला, तसा चारचौघांत बोलायचाही धीर आला. हा आनंद टाळ्यांत नव्हता.

गायकाचे मानधन जीवदयेला द्या. चार जणी बसा, एकीने सांगा, बाकीच्यांनी म्हणा. सूर हलेल. हलू दे.