विश्लेषण : एचआयव्हीच्या गोळ्या नियमित, तरी दिवसभर थकवा? घोरण्याकडेही लक्ष द्या!

रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड, दुपारी बसल्या जागी डुलकी. एचआयव्हीचे उपचार सुरू असतील, तर हा थकवा ‘आजारामुळे’ किंवा ‘गोळ्यांमुळे’ म्हणून सोडून दिला जातो. मात्र, त्यामागे स्लीप ॲप्नियाही असू शकतो.

स्लीप ॲप्निया म्हणजे काय?
झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी रुग्णाला यातले काही आठवत नाही. श्वास थांबणे किंवा उथळ होणे तासाला ३० वेळा किंवा त्याहून अधिक घडल्यास आजार तीव्र मानला जातो. उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताशी त्याचा संबंध आहे.

एचआयव्ही असल्यास धोका जास्त?
उत्तर सरळ नाही. वाढते वय, लठ्ठपणा, जाड मान ही कारणे सर्वांना सारखीच लागू होतात. एचआयव्हीबाधितांमध्ये काही वेळा वाढलेले टॉन्सिल किंवा जुन्या औषधांमुळे मानेभोवती साचलेली चरबी यांची भर पडते. सध्याच्या डोल्युटेग्राविरमुळेही काहींचे वजन वाढते.

अमेरिकेतील माजी सैनिकांवरील २०१५च्या अभ्यासात एचआयव्हीबाधितांमध्ये निदानाचे प्रमाण कमी दिसले. ज्यांचे निदान झाले, ते इतर रुग्णांपेक्षा तरुण आणि कमी वजनाचे होते. निदान कमी म्हणजे आजार कमी, असे नाही. ‘जाड माणसालाच होतो’ या समजामुळे अनेकांची तपासणीच होत नाही.

राज्यासाठी महत्त्वाचे का?
नॅकोच्या २०२१च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात सुमारे ३.९४ लाख एचआयव्हीबाधित आहेत. ही संख्या देशात सर्वाधिक. २००४ पासून मिळणाऱ्या मोफत एआरटीमुळे आयुष्य वाढले, तसे उतारवयाचे आजारही सोबत आले.

धामणगाव बढेसारख्या गावात काय करता येईल?
झोपेच्या सविस्तर तपासणीसाठी मोताळा तालुक्यातील या गावातून शहर गाठावे लागते. पहिली पायरी मात्र घरीच आहे.

• मोठ्याने घोरता का, मध्येच श्वास थांबतो का, हे घरच्यांना विचारा. एकटे राहत असाल, तर मोबाइलवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करा. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना उपयोगी पडते.
• रक्तदाब मोजून घ्या.
• गोळ्या घ्यायला एआरटी केंद्रात जाल, तेव्हा ही माहिती आवर्जून सांगा.
• दारू टाळा. सल्ल्याशिवाय झोपेच्या गोळ्या घेऊ नका. एआरटी स्वतःहून थांबवू नका.

निदान झाल्यास वजन कमी करणे, कुशीवर झोपणे आणि श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र असे उपाय आहेत. एचआयव्हीबाबत माहितीसाठी नॅकोची मोफत हेल्पलाइन : १०९७.