घरची पिशवी

१२० मायक्रॉनहून पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांस ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरीही त्या पेठेत सर्रास दिसतात. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक मागते; गिऱ्हाईक म्हणते, दुकानदार देतो. या वादात गटारे तुंबतात आणि मुकी जनावरे उष्ट्या अन्नासह पिशव्याही गिळतात.

ही गाठ घरातच सुटेल, असे आमचे नम्र मत आहे. इंदुरास २०२२ साली सुरू झालेल्या कारखान्यात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करण्याची सोय आहे. परंतु त्या कारखान्याचे खरे पहिले दालन म्हणजे गृहिणीचे स्वयंपाकघर. तेथे ओला व सुका कचरा निराळा ठेवला, तरच पुढील यंत्रांचा उपयोग.

बाजारास निघणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हाती कापडी पिशवी देण्याचे काम मुलांकडे सोपवावे. मुले असले काम विसरत नाहीत आणि मोठ्यांस विसरू देत नाहीत. आम्ही व्यापाऱ्यांनीही माल तोलण्यापूर्वी ‘पिशवी आणली का?’ एवढे विचारावे. एखादे गिऱ्हाईक रुसून शेजारच्या दुकानी जाईल. म्हणूनच हा नेम साऱ्या पेठेने एकदम धरावा, ही आमची विनंती.