साथ, सुगी आणि सरकार

सन १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून इलाख्यात शिरली. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती मात्र काळ होऊनच. ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. सबंध इलाख्यात १० लाखांवर माणसे दगावली असावीत, असे मागाहून झालेल्या अभ्यासांवरून दिसते. शहराची हकीकत वर्तमानपत्रांत छापून आली. खेड्यांतील पुष्कळ मृत्यू दप्तरात नुसते 'ताप' या सदराखाली गेले.

या साथीचा हंगाम आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावा. बाजरीची काढणी व रब्बी ज्वारीची पेरणी यांचेच ते दिवस. त्यात पावसाने दगा दिलेला व धान्य महागलेले. रोगाने विशेषेकरून वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे नेली, आणि त्यांतही स्त्रिया अधिक. बैल दावणीला होते, पण पाभर धरणारा हात राहिला नव्हता. अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली दाखविले की, १९१९-२० मध्ये हिंदुस्थानातील पेरणीचे क्षेत्र १९१६-१७ च्या मानाने ३.८ टक्के कमी होते. खेड्यात रिकामे हात पुष्कळ असतात, या समजास त्यांनी यावरून हरकत घेतली.

सरकारने काय केले? पुष्कळ डॉक्टर महायुद्धाच्या कामी गुंतलेले होते, दवाखाने थोडे, व शुश्रूषेचा भार मुख्यतः स्वयंसेवी मंडळ्यांवर पडला. त्यांची धाव बहुधा शहरापुरतीच. १८९७ च्या प्लेगात पुण्यात माजघरापर्यंत घुसलेले सरकार १९१८ साली खेड्याच्या वेशीपर्यंतही क्वचितच पोचले. जुलूम व उपेक्षा ही दोन्ही टोके रयतेने वीस-एकवीस वर्षांत पाहिली.

कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा थोड्याच दिवसांत शेतकामास मोकळीक मिळाली, हे सरकारच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. परंतु २०२१ च्या लाटेत रोग खेड्यांत पसरला, तेव्हा खाटेसाठी व प्राणवायूसाठी जिल्ह्याच्या ठिकाणीच धाव घ्यावी लागली.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आपण बी-बियाण्याची तजवीज पेरणीपूर्वी करतो, तशीच आरोग्याचीही करावी. मृगापूर्वी व पुन्हा रब्बीच्या तोंडावर प्रत्येक गावच्या शेतकरी मंडळाने आरोग्य उपकेंद्रातील जागा भरलेली आहे की नाही हे जातीने पाहावे, व नसल्यास जिल्हा परिषदेकडे लेखी तगादा लावावा. गावातील प्रत्येक मृत्यू कारणासह ग्रामपंचायतीत नोंदवावा. आणेवारी चुकली तर आपण भांडतो. मग माणसांची मोजणी चुकली तर मुकाट का राहावे? दप्तरात जे दिसत नाही, त्यासाठी तिजोरी उघडत नाही.