सड्यावर उतरलेली यानं

मंडळी, मोपा म्हटलं की हल्ली समोरचा माणूस लगेच विचारतो, "विमानतळाजवळच ना?" 11 डिसेंबर 2022 ला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं, 5 जानेवारी 2023 पासून विमानं ये-जा करू लागली आणि पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव सगळीकडे पोचलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून या सड्यावर यानं उतरत होती. आम्हीच केलेली! आजच्या गप्पा त्यांच्याच.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. पुढे हिंदीतलं 'स्पेस सिटी सिग्मा' आलं. मनगटावरच्या घड्याळातून भल्यामोठ्या यंत्रमानवाला हुकूम सोडणाऱ्या जपानी मुलाची 'जायंट रोबॉट' मालिकाही तेव्हाचीच. वाड्यावर टीव्ही एकाच घरात. एकजण कौलांवर अँटेना फिरवायचा, खालून आम्ही ओरडायचो, "आला, आला... गेला!" पडद्यावर निम्म्या मुंग्याच असायच्या. म्हणजे निम्मं यान दिसायचं आणि उरलेलं निम्मं आपापल्या डोक्यातून पुरं करायचं. इंग्रजी संवाद तर जवळजवळ सगळेच डोक्यातून.

त्यात 3 एप्रिल 1984 ला राकेश शर्मा सोयुझ टी-11 मधून अंतराळात गेले. आपला माणूस वर गेला म्हटल्यावर आम्हाला कोण अडवणार?

सामान घरचंच. नारळाची करवंटी म्हणजे चालकाची खोली. काड्यापेट्या एकाला एक चिकटवून यानाचं धड. सिगारेटच्या पाकिटातली चांदी वरून गुंडाळायची, चुडताचा हीर खोचला की झाली अँटेना. मागे टॉर्चचे संपलेले सेल, ती इंजिनं. चिकटवायला मैद्याची खळ. ही खळ आणि बांबूच्या कामट्या बांधायची हातोटी आम्हाला कुणी वेगळी शिकवली नव्हती. दिवाळीच्या आधी नरकासुर आणि आकाशकंदील करताना ती आपोआप हातात आली होती. नरकासुराचा सांगाडा उभा करता येतो, मग रॉकेटचा का नाही?

आणि खरं उड्डाण करायचं असलं तर सुपारीची विरी. एकानं पुढून ओढायचं, दुसऱ्यानं तिच्यावर घट्ट बसायचं आणि उतारावरून धाडधाड खाली. कातळावर विरी फाटली की यान कोसळलं. आजी दारातूनच विचारायची, "ह्या काय रे केलंस?" गुडघे सोलून आलेल्या अंतराळवीराकडे उत्तर नसायचं.

करवंटीला यान मानणं आम्हाला कधी जड गेलं नाही. कारण आम्ही जत्रेत रात्रभर दशावतार बघून मोठे झालो. तिथे एक बाकडं असतं, मागे एखादा पडदा. तेच बाकडं राजाचं सिंहासन, तेच डोंगर आणि तोच स्वर्ग. नटानं सांगितलं की आपण मानायचं. अशी सवय असलेल्या पोरांना मंगळ किती लांब?

गंमत पुढे मोठेपणी कळली. ज्या 'स्टार ट्रेक'कडे आम्ही डोळे विस्फारून बघत होतो, तिथेही आमच्यासारखाच कारभार होता. 1966 साली मालिका सुरू झाली तेव्हा दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवणं खर्चाला परवडेना, म्हणून माणसं किरणांतून क्षणात खाली पाठवायची युक्ती काढली. त्यातल्या डॉक्टरच्या हातातली काही उपकरणं मुळात मिठाच्या डब्या होत्या! 'स्टार वॉर्स'ची याननिर्मिती तर आमच्या अगदी जवळची. दुकानात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या प्लॅस्टिक संचांतले सुटे तुकडे यानांच्या अंगाला चिकटवले होते. आमच्या काड्यापेट्यांचे थोरले भाऊच म्हणा ना.

हे झालं पडद्यावरचं. पण खऱ्या अंतराळातलीही एक गोष्ट सांगते. 1981 साली इस्रोच्या 'ॲपल' उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी करायची होती. धातूची गाडी वापरली तर चाचणीत अडथळा येणार. मग उपग्रह चक्क लाकडी बैलगाडीवर ठेवला. तो फोटो बघितला की मला आमची विरी आठवते. हाताशी आहे त्यातून वाट काढणं म्हणजे गरिबीची तडजोड नव्हे, ते तंत्रज्ञांचंच डोकं आहे.

आज हे सगळं आठवायचं कारण सांगते. ज्या सड्यावर आम्ही खेळलो, तिथे आता कुंपण आहे. काजूची झाडं गेली, गुरांची चरणं गेली. त्याची रुखरुख गावात आजही आहे, ती एका लेखानं जायची नाही. पण आमच्या मुलांच्या डोक्यावरून दिवसभर खरी विमानं जातात. सुरुवातीला पोरं अंगणात धावत यायची, आता मान वर करत नाहीत. गावात बोलणं निघतं ते एवढंच की, विमानतळावर कुणाला नोकरी लागली? नोकरी हवीच, त्यात वाद नाही. मात्र ज्या गावानं एवढी जमीन दिली, त्या गावच्या पोरांनी विमानाच्या नुसत्या बॅगाच उचलायच्या का? एखादीनं विमान बांधायचं स्वप्न बघायला काय हरकत आहे? ते स्वप्न पडण्यासाठी आधी एकदा तरी स्वतःच्या हातानं काहीतरी वेडंवाकडं जोडलेलं असावं लागतं. यंत्रं माणसंच करतात आणि मीही करू शकते, हे पुस्तकातून कळतं, पण पटतं ते हात खळीनं बरबटल्यावरच.

तेव्हा मंडळी, या सुट्टीत एक करा. नातवंडांना तयार यान विकत आणून देण्याआधी घरातला एक रिकामा खोका, दोन करवंट्या आणि सुतळी त्यांच्यापुढे ठेवा. कसं करायचं ते सांगू नका. खोलीभर पसारा होईल, तो संध्याकाळपर्यंत तरी आवरू नका. आणि पोरं म्हणाली की हे यान आहे, तर आपणही मुकाट्यानं मागच्या सीटवर बसा.