सांधा तपासणारा माणूस आपल्यातलाच हवा



शेतकी खात्याने ऊस सोडून वेल्डिंगवर का लिहावे, असे कुणीही विचारील. कारण सरळ आहे. बॉयलरची एक नळी सांध्यावर गळाली की गाळप थांबते आणि तोडलेला ऊस यार्डात गाडीवरच वाळत बसतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे आम्ही दर मेळाव्यात सांगतो. उशीर होईल तसे वजन घटते, उतारा पडतो. म्हणजे सांधा इंजिनिअरिंग खात्याचा असला तरी नुकसान तुमच्या-आमच्या शिवारातले आहे. आणि नळीजवळ माणूस उभा असेल, तर ते नुसते पैशाचेही राहात नाही.

आपल्या भागातली कितीतरी घरे एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांवर जगली. लोअर परळ, करी रोड, डिलाईल रोडच्या चाळींतून गावोगावच्या खोल्या होत्या. एका खोलीत पाळ्या लावून माणसे झोपायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि ते दिवस सरले. आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेची ऑफिसे उभी आहेत. पण लोखंडाचे काम तिथून हललेले नाही. पश्चिम रेल्वेच्या लोअर परळ कारखान्यात अजून डब्यांची दुरुस्ती होते, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला जातो.

तिथल्या पुलाची गोष्ट तर प्रत्येक कारखान्याने ध्यानात ठेवावी अशी. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीला गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. मग मुंबईतल्या रेल्वेवरच्या पुलांची तपासणी झाली, आणि त्याच महिन्यात लोअर परळचा पूल धोक्याचा ठरून वाहनांना बंद झाला. नव्या पुलासाठी सुमारे ९० मीटर लांबीचे दोन गर्डर २०२२ साली रुळांवर बसवले आणि पूल पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षे लोकांनी वळसे घातले, शिव्याही घातल्या. पण कुणीतरी तपासून ‘थांबवा’ म्हणाले आणि ते ऐकले गेले, म्हणून तो पूल कुणाच्या डोक्यावर पडला नाही. तपासणाऱ्याचे काम हेच. त्याचे यश कुणाला दिसत नाही, गैरसोय मात्र सगळ्यांना दिसते.

आता ही विद्या म्हणजे नक्की काय? पुष्कळांना वाटते, सांधा झाला की हातोडी मारून, डोळे बारीक करून बघायचे. तसे नाही. उसाचेच घ्या. बेणे रोगट, सरी उथळ, पाणी वेळेवर नाही, आणि तोडणीच्या वेळी फडात जाऊन बघितले तर हाती काय लागणार? वेल्डिंगचेही तसेच. तपासणी सांध्याच्या आधी सुरू होते. पत्रा कोणत्या जातीचा, कडा नीट कापल्या का, दोन तुकड्यांत फट किती, रॉड कोणता, आधी तापवायचे किती. ‘ई ७०१८’ जातीचा रॉड ओलसर राहिला तर त्यातला हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि काम झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतल्या आत तडा जातो. वरून सांधा चकचकीत! म्हणून असे रॉड गरम पेटीत ठेवायचे असतात. पेटी आहे का आणि ती चालू आहे का, हे बघणे हीसुद्धा तपासणीच.

काम झाल्यावर आधी डोळ्याने बघायचे. छिद्रे, कडेला पडलेली खाच, आत अडकलेला मळ, न मिसळलेली कड, तडा: प्रत्येकाचे कारण वेगळे, उपाय वेगळा. मग गरजेप्रमाणे लाल रंग आणि पांढऱ्या पावडरीची चाचणी, चुंबकाची, ध्वनिलहरींची, नाहीतर क्ष-किरण फोटो. कोणता दोष चालेल आणि कोणता खणून काढायचा हे मनाने ठरवायचे नसते, संहितेत लिहिलेले असते. आपल्या भारतीय मानकांतही आय. एस. ८२२ हे वेल्डिंगच्या तपासणीवरच आहे.

ही शिस्त जगाने सुखासुखी स्वीकारलेली नाही. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला शांत उभे असताना मोठा आवाज होऊन मधोमध तुटले. ठिसूळ पोलाद, थंडी आणि सदोष सांधा एकत्र आले. आपल्याकडे १८६३ साली कलकत्त्याला बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा पुढल्या वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. पुढे १९२३ चा देशाचा बॉयलर कायदा, १९५० चे नियम, आणि आता २०२५ चा नवा कायदा. प्रत्येक कायद्याच्या मागे कुणाचे तरी घर उघडे पडलेले आहे.

काही जण म्हणतात, ‘सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर येतोच, मग आपला कशाला?’ ते साहेब येतात, पाण्याचा दाब देऊन बघतात, दाखला देतात. ते हवेच. पण ते वर्षातून एकदोनदा येणार. बिगर हंगामात शेकडो सांधे होतात, चालू हंगामात रात्री-अपरात्री होतात, तेव्हा शेजारी कोण उभा असतो? जुने बॉयलर २१ किलो दाबाचे होते, वीजनिर्मितीचे नवे ६७ आणि ८७ किलोपर्यंत गेले. दाब वाढला तशी नजरही वाढायला हवी.

या कामाची परीक्षा आहे. अमेरिकन वेल्डिंग सोसायटी १९७६ पासून वेल्डिंग निरीक्षकांना प्रमाणपत्र देते. तिचे तीन भाग: मूलतत्त्वे, प्रत्यक्ष तपासणी आणि संहितेचे वाचन. प्रत्येक भागात ७२ टक्के लागतात. संहितेचे पुस्तक समोर ठेवता येते, मूलतत्त्वांना मात्र पुस्तक मिटून बसावे लागते. डोळ्यांची तपासणीही होते. शिक्षण कमी असेल तर कामाचा अनुभव जास्त मागतात, पण दार बंद नाही. ब्रिटिश पद्धतीचेही असेच प्रमाणपत्र आहे.

आमच्या मते बऱ्याच मुलांची गाडी इथे मूलतत्त्वांवरच अडते. आय.टी.आय. झालेल्या पोराचा हात सोन्यासारखा असतो, पण ‘सांधा का तडकला?’ याचे उत्तर त्याला कुणी शिकवलेले नसते, आणि पुस्तके सगळी इंग्रजीत. मग घोकंपट्टी होते. घोकून एखादेवेळी कागद मिळेल, नजर मिळणार नाही.

म्हणून संचालक मंडळाला आमची विनंती आहे. सभासदांच्या आय.टी.आय. वा पदविका झालेल्या मुलामुलींतून दरवर्षी दोघे निवडावेत, फीचा भार कारखान्याने उचलावा, आणि बिगर हंगामात आपल्याच वर्कशॉपमध्ये मूलतत्त्वांचा मराठीत वर्ग चालवावा. कापून काढलेल्या जुन्या सदोष नळ्या भंगारात न घालता त्या वर्गात मांडाव्यात. त्यांच्याइतका चांगला धडा पुस्तकात मिळायचा नाही. शिकून ती मुले मुंबईला, आखाताला गेली तरी बिघडत नाही. आपल्या आजोबांनी लोअर परळला अंगमेहनत विकली, नातवाने पारख विकावी.

दुसरी विनंती तुम्हा सभासदांना, आणि ती जास्त अवघड आहे. अशा माणसाने ‘हा सांधा पुन्हा करा, सहा तास लागतील’ म्हटले, तर त्याच्यावर आपला दाब नको. ऊस वाळतोय म्हणून फोन सुरू होतात, आमचे खातेही विचारते, हे साहजिक आहे. पण ‘नाही’ म्हणायची मुभा नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरते. सहा तासांत थोडा उतारा जाईल. फुटलेल्या बॉयलरपुढे तो हिशेब कुणी मांडत नाही.

ज्यांच्या घरी अशी शिकलेली मुले आहेत त्यांनी गट कार्यालयात नावे सांगून ठेवावीत. मंडळापुढे विषय नेताना यादी हातात असलेली बरी.

— ऊस विकास अधिकारी