नमुना पाहिल्याविना सौदा नको

बारावीचा निकाल लागला की व्यापारी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आपल्याला काय, बी.कॉम. करायचे आणि सोबत सीए लावायचे.' वाक्य सोपे आहे, म्हणूनच ते तपासून घ्यायला हवे.

बार्शीच्या एका आडत पेढीवरच्या घरात असेच घडले. मुलाला वाणिज्य शाखेत ७८ टक्के गुण मिळाले होते. वडिलांनी सीए फाउंडेशनच्या शिकवणीचे पैसेही भरले होते. दिवस मावळण्यापूर्वीचे जेवण आटोपल्यावर आजोबांनी नातवाला विचारले, "सीए दिवसभर काय काम करतो रे?" नातवाला सांगता येईना. तेव्हा आजोबा आपल्या मुलाकडे वळून म्हणाले, "तुरीच्या पोत्यातून मूठभर दाणे हातावर घेतल्याशिवाय तू बोली लावत नाहीस. मग पोराच्या पाच वर्षांचा सौदा नमुना न पाहता कसा केलास?"

शिकवणी पंधरा दिवस पुढे ढकलली गेली. पेढीचे हिशेब पाहणाऱ्या सीएंच्या कार्यालयात मुलगा रोज बसू लागला. जीएसटीची विवरणपत्रे, बिलांचा ताळमेळ, मुदत संपण्याच्या आदल्या रात्रीचे जागरण हे सारे त्याने जवळून पाहिले. फाउंडेशनचे चार, इंटरमीजिएटचे सहा आणि अंतिम परीक्षेचे सहा पेपर. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण बेरजेत ५० टक्के गुण. शिवाय दोन वर्षांची आर्टिकलशिप, हा सगळा प्रवास तिथल्या मुलांनीच त्याला समजावून सांगितला.

पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "बाबा, हिशेब तपासण्यात माझे मन रमले नाही. पण दहा वर्षांचे तुरीचे भाव मांडून पुढचा अंदाज बांधायला मला आवडेल." ही वाट संख्याशास्त्राकडे जाणारी होती. चौकशी केली तेव्हा कळले की, संख्याशास्त्राच्या पदवीसाठी अनेक महाविद्यालये बारावीचे गणित मागतात. मुलाने अकरावीत गणिताऐवजी एस.पी. घेतले होते. 'दुकानच सांभाळायचे, गणित कशाला?' असे तेव्हा घरातच कुणीतरी म्हटले होते. त्या एका वाक्याची किंमत दोन वर्षांनी समोर आली.

वाट पुरती बंद झाली नव्हती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून एखादाच विषय घेऊन परीक्षा देता येते. मात्र हव्या त्या महाविद्यालयाला तो निकाल चालतो का, याचे लेखी उत्तर आधी मिळवणे आवश्यक असते. एक वर्ष जाणार, ही गोष्ट वडिलांना सलली. पण न रमणाऱ्या पाच वर्षांपुढे ते एक वर्ष लहान ठरले.

या प्रसंगातून प्रत्येक कुटुंबाला घेण्यासारखे पुष्कळ आहे. अभ्यासक्रमाचे नाव पाहण्याआधी त्या अभ्यासातून पुढे येणारे रोजचे काम पाहावे. माहितीपत्रकातील रंगीत इमारतीपेक्षा शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी केलेले बोलणे अधिक उपयोगी पडते. शुल्क पहिल्या वर्षाचे न विचारता वसतिगृह व भोजनासह संपूर्ण अभ्यासक्रमाचे विचारावे. प्रवेशाचे नियमही बदलत असतात. महाराष्ट्रात बीबीए, बीसीए, बीएमएस यांसाठी २०२४ पासून राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. केवळ बारावीच्या गुणांवर विसंबून राहिलेल्या काही घरांची त्या वर्षी धावपळ झाली.

कागदपत्रांचेही तसेच. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. जैन अल्पसंख्याक महाविद्यालयांतील राखीव जागांसाठी त्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून शाळेच्या दाखल्यावरील धर्माची नोंद प्रवेशाच्या हंगामाआधीच तपासावी.

परगावी शिकायला पाठवताना आईच्या मनात पहिला प्रश्न भोजनाचा येतो, आणि तो क्षुल्लक नाही. १९१५ मध्ये मुंबईत महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली, तीही बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना आपल्या आचारासह शिकता यावे याच हेतूने. तरीही क्रम विसरू नये. आधी अभ्यासक्रम ठरावा, मग त्या शहरात राहण्याची सोय शोधावी. सोयीचे शहर आधी ठरवून तिथे मिळेल तो अभ्यासक्रम घेणे म्हणजे पोत्याचा रंग पाहून धान्य उचलणे होय.

'मग पेढी कोण पाहणार?' हा वडिलांचा प्रश्न खरा आहे. तो दडवून ठेवू नये, मुलांसमोर मोकळेपणाने मांडावा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी घरचा पारंपरिक व्यवसाय बाजूला ठेवून रेल्वेच्या कंत्राटांची वाट धरली आणि १९१९ मध्ये सिंधिया नौकानयन कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेतला. प्रत्येक मुलगा वालचंद होत नाही. पण घरची वाट सोडली म्हणजे घर बुडते, हे काही खरे नाही. भावांचा अंदाज बांधायला शिकलेला मुलगा उद्या पेढीवर परत आला, तर पेढीलाच त्याचा लाभ होईल.

बार्शीच्या त्या घरात धाकटी मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली आहे. अकरावीच्या अर्जात विषय निवडायचे आहेत. तिच्या आजोबांनी तिला एवढेच सांगितले, "बाळ, कोणता विषय घेतलास तर कोणते दार उघडे राहते आणि कोणते बंद होते, ते लिहून आण. मग आपण बसून बोलू." अर्जातील विषयांचा रकाना तिने अजून कोरा ठेवला आहे. आधी ती यादी तयार करते आहे.